बाँडचं वर्ष

मण्यार चावते तेव्हा बहुतेकांना जागसुद्धा येत नाही. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिच्या दातांची खूण इतकी बारीक असते की उजेडात शोधूनही सापडत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, तोंडातली लाळ गिळवत नाही, आणि शेवटी श्वास चालवणारे स्नायूच काम सोडतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बसून हे मला सांगणारी डॉक्टर पंचवीस वर्षांची आहे. मूळ लातूर जिल्ह्यातली, शिकली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. "मला हे सगळं पाठ होतं," ती म्हणाली. "परीक्षेत लिहिलंही होतं. पण पुस्तकातला रुग्ण 'साप चावला' म्हणून येतो. माझा आला तो 'पोटात दुखतंय' म्हणून. आणि तोही गोंडीत बोलणारा." पोटदुखीचं इंजेक्शन द्यायला सांगून ती पुढच्या केसपेपरकडे वळणार, तेवढ्यात त्याला घेऊन आलेल्या आशाताई म्हणाल्या, "मॅडम, हा रात्री खाली झोपला होता. डोळे बघा ना त्याचे." पापण्या अर्ध्या उतरल्या होत्या. सर्पविषावरचं औषध सलाईनमधून सुरू झालं, १०८ ला फोन झाला, आणि जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात ती ॲम्बू बॅग हाताने दाबत त्याला श्वास देत राहिली. माणूस वाचला.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'तरुणांच्या वाटा' असा ठरवला आणि वंचितांच्या आरोग्यासाठी काम करायला निघालेल्या डॉक्टरांविषयी लिहायला सांगितलं. आज या क्षेत्राला 'ग्लोबल हेल्थ' म्हणतात. मोठमोठ्या विद्यापीठांत त्याच्या पदव्या मिळतात, जिनिव्हात त्याची कार्यालयं आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं तेव्हा संघटना ज्या माणसांविषयी बोलत होती, ती या व्हरांड्यात येतात. भारतात वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं सर्पदंशाने मरतात असा अंदाज आहे. जगातल्या अशा मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपासचा हा आकडा आहे. म्हणून ही वाट शोधायला मी विमानतळाकडे गेलो नाही, आरोग्य केंद्राकडे गेलो.

शिकवलं जातं ते आणि लागतं ते

सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांनी एक वर्ष सरकारी आरोग्यसेवेत काम करावं, अशी महाराष्ट्रात अट आहे. मुलं त्याला 'बाँड' म्हणतात. बरीच वर्षं दहा लाख रुपये दंड भरून ते वर्ष चुकवण्याची सोय होती आणि अनेक घरांनी ती वापरली. जे आले त्यांतल्या बऱ्याच जणांनी हे वर्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीत काढलं: दिवसा ओपीडी, रात्री क्वार्टरमध्ये मोबाइलवर प्रश्नसंच. यासाठी मी मुलांना दोष देणार नाही. ज्या व्यवस्थेत एमबीबीएसला कुणी पुरता डॉक्टर मानत नाही, तिथे चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा दुसरं काय करणार?

खरी अडचण त्याच्या आधीची आहे. साडेचार वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप मुख्यतः मोठ्या रुग्णालयात होते. तिथे रुग्ण आपल्या पायांनी येतो, रक्त तपासून येतं, एक्स-रे समोर येतो, आणि अडलं तर वरच्या मजल्यावर कुणीतरी मोठं असतंच. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे उलटं होतं. आदिवासी भागात एका केंद्राकडे २० हजार लोकवस्ती धरलेली असते, सपाटीवर ३० हजार. इथला वैद्यकीय अधिकारी सकाळी ताप-खोकला बघतो, दुपारी उपकेंद्राला भेट देतो, मधेच शवविच्छेदन करतो, लसींच्या फ्रिजचं तापमान बघतो, औषधांचं मागणीपत्र भरतो, तालुक्याच्या बैठकीत आकडे सांगतो. त्याच्या हाताखालची सिस्टर त्याच्या आईच्या वयाची असते. यातलं काय त्याला शिकवलेलं असतं? रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, मुलांच्या भाषेत 'पीएसएम', हा विषय अभ्यासक्रमात असतो, त्याचं जाडजूड पुस्तकही असतं. पण बहुतेकांच्या मनात तो पाठ करून पार पाडायचा विषय आहे.

धानोऱ्याच्या डॉक्टरला पहिले दोन महिने सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला, असं विचारलं. वीज जाते, क्वार्टर गळतं, हे ती सांगेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मी दिलेली गोळी घेतली की नाही, हे मला कळतच नव्हतं. रुग्ण हो म्हणतो आणि परत येत नाही. बरा झाला म्हणून नाही आला, की पुजाऱ्याकडे गेला, की गेलाच, काही पत्ता नाही." उत्तरं मिळायला लागली ती आशाताईंबरोबर गावात फिरायला लागल्यावर. मलेरियाच्या गोळ्या पहिल्या दिवशी ताप उतरला की बंद होत होत्या; उरलेल्या पुढच्या तापासाठी घराच्या वाशाला खोचून ठेवलेल्या तिने पाहिल्या. लोकांना औषधाची किंमत कळत होती, म्हणून तर त्यांनी गोळ्या जपून ठेवल्या होत्या. पुरा डोस का घ्यायचा, एवढंच त्यांना कुणी त्यांच्या भाषेत सांगितलं नव्हतं.

बिरवाडीचा विंचू

या वर्षाला शिक्षा समजणाऱ्या प्रत्येकाला मी हिंमतराव बावस्कर यांची गोष्ट सांगतो. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, गरिबीत वाढलेला हा मुलगा नागपूरला एमबीबीएस झाला आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचू फार. त्याच्या दंशाने धडधाकट माणसं आणि मुलं मरत होती. घामाने निथळणारा, हातपाय गार पडलेला रुग्ण यायचा आणि तोंडातून फेस येऊन काही तासांत जायचा. पुस्तकात विंचूदंशावर जे उपचार होते ते करूनही जायचा.

बावस्करांनी केलं ते कोणत्याही आरोग्य केंद्रात करता येण्यासारखं होतं. ते रुग्णाशेजारी बसून राहिले. रात्रभर, तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा गारवा असं सगळं लिहीत राहिले. त्या नोंदींतून आजाराचा क्रम दिसायला लागला. विषामुळे शरीरात एकदम उत्तेजक रसायनांचा लोट येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. मृत्यू होतो तो या पाण्याने. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं 'द लॅन्सेट' या जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. पुढे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरलं. गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांत तीस-चाळीस मृत्यू व्हायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. ज्या ज्या देशांत असे विंचू आहेत तिथल्या डॉक्टरांना हे ज्ञान उपयोगी पडलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हतं. डोळ्यांसमोर परत परत येणारा एक प्रश्न होता, वही होती आणि रुग्णाजवळून न उठण्याची चिकाटी होती. बाँडवर गेलेल्या प्रत्येक डॉक्टरच्या ओपीडीत असा एखादा प्रश्न रोज येऊन जातो. तो ओळखायचा कसा आणि लिहून ठेवायचा कसा, हे शिकवायला फार खर्च येणार नाही.

जामखेडला डॉक्टर कोण झालं

रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं. त्यांनी आधी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं. तिथे त्यांना जे दिसलं ते प्रत्येक ग्रामीण डॉक्टरला दिसतं: आज बरं करून पाठवलेलं जुलाबाचं मूल महिन्याभरात त्याच आजाराने परत येतं, कारण ते त्याच विहिरीचं पाणी पितं. पुढे ते अमेरिकेत गेले, शल्यक्रिया आणि वैद्यकशास्त्राचं प्रगत प्रशिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि १९७० मध्ये जामखेडला आले. दुष्काळी तालुका. हजार जन्मांमागे १७६ अर्भकं वर्षाच्या आत दगावत होती.

त्यांचा पहिला बेत आपल्या सरकारी बेतांसारखाच होता. गावोगाव प्रशिक्षित नर्स नेमायच्या. तो चालला नाही. बाहेरून आलेली, शिकलेली मुलगी गावात एकटी राहू शकत नव्हती आणि गावातल्या बायका तिच्याशी मनातलं बोलत नव्हत्या. मग गावातल्याच बाईला शिकवायचं ठरलं. निवडलेल्या बायकांत अनेक निरक्षर होत्या, दलित होत्या, टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या आणि शिकायच्या. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, स्वच्छ बाळंतपण, गरोदर बाईची तपासणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं. परत जाऊन त्या शेजारणीला शिकवायच्या. दुष्काळात बोअर खोदायची वेळ आली तेव्हा हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवं असेल त्याने तिथे यावं. आजाराच्या कारणांच्या यादीत जातही होती, हे आरोळ्यांना नीट उमजलं होतं.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर एक पुस्तक काढलं, त्यात एक प्रकरण जामखेडचं होतं. १९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात जगभरचे देश जमले आणि 'प्राथमिक आरोग्य' हा शब्द सरकारांच्या कामकाजात आला, तेव्हा समोर असलेल्या थोड्या चालत्या उदाहरणांत जामखेड होतं. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज परदेशातले तरुण डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात. त्यांना शिकवणाऱ्यांत त्या गावोगावच्या बायकाही असतात. आपल्याकडच्या किती वैद्यकीय महाविद्यालयांनी आपली मुलं तिथे पाठवली, हा प्रश्न मला त्या गावातून निघताना सारखा टोचत राहिला.

श्वास मोजणारे मणी

गडचिरोलीकडे परत येतो, कारण ही वाट कशी चालायची हे मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसलं.

अभय आणि राणी बंग नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले. तेही आधी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम करत होते, नंतर जॉन्स हॉपकिन्सला गेले, १९८४ मध्ये तिथली पदवी घेतली आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीला त्यांनी आदिवासींमधल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. शास्त्र म्हणून तो महत्त्वाचा होता, सरकारनेही दखल घेतली. पण लोकांनी तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. त्यांच्या लेखी तो त्यांचा आजार नव्हता. तिथून पुढे आधी लोकांना विचारायचं, हा त्यांचा शिरस्ता झाला. गावोगावच्या बायकांनी दारूविषयी सांगितलं, त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. रुग्णालय कसं हवं हेही लोकांनाच विचारलं. म्हणून 'सर्च'च्या शोधग्राम या परिसरातलं रुग्णालय सिमेंटची मोठी इमारत नाही, झोपड्यांसारख्या घरांची वस्ती आहे, आणि त्याला नाव आहे माँ दंतेश्वरीचं.

राणी बंगांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तोवर जगातली सरकारं गरीब बाईकडे कुटुंबनियोजनाच्या आकड्यांपुरतं बघत होती. तिची पाठ दुखते, अंगावरून जातं, संबंधांत वेदना होतात, आणि ती हे कुणालाही सांगत नाही, याला या अभ्यासाने आकडा दिला. आकडा दिल्यावर ते नाकारणं अवघड झालं.

मग अर्भकं. त्या काळी गडचिरोलीच्या गावांत बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. बाळ आजारी पडलं तरी पहिला महिना आई आणि बाळ घराबाहेर पडत नसत. 'सर्च'ने सुरुवातीला एक वर्ष नुसतं बघितलं. घरी जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज होती, आणि डॉक्टरपर्यंत पोहोचली होती शंभरात तीनही नाहीत. डॉक्टर तिथे जाणार नव्हते आणि बाळ इथे येणार नव्हतं. मधे उरत होती गावातलीच एखादी बाई.

तिला काय शिकवायचं? न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला किती श्वास ते मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा अधिक, त्यावरच्या वर्षाच्या आतल्या मुलाचे ५० किंवा अधिक असतील तर न्यूमोनिया धरायचा. पण ज्या बाईला बारा-पंधराच्या पुढे मोजता येत नाही तिने काय करायचं? त्यासाठी एक साधं उपकरण तयार झालं. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या ओळीत पाच हिरवे आणि सहावा लाल. मोठ्याच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की औषध सुरू. एवढंच. मला विचाराल तर सार्वजनिक आरोग्याची सगळी हुशारी या मण्यांत आहे. शास्त्र जराही पातळ झालेलं नाही. ते फक्त ज्या हातात जायचं त्या हाताच्या मापाचं केलं आहे.

नवजात बाळाच्या जंतुसंसर्गासाठीही असंच झालं. नीट रडणारं बाळ क्षीण रडायला लागलं, दूध ओढणारं ओढेना, अंग लोळागोळा झालं, हाताला गार लागतं, श्वास वाढला किंवा छाती आत ओढली जाते, पोट फुगलं किंवा उलट्या होतात, नाळेतून पू येतो: अशा सात खुणा. यांतल्या दोन एका वेळी दिसल्या की गावातली ही बाई, म्हणजे आरोग्यदूत, आईवडिलांची संमती घेऊन प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायची. गावातल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचं ही कल्पनाच अनेक तज्ज्ञांना पटणारी नव्हती. म्हणून पुरावा काटेकोर हवा होता. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला होता. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरभेटींची शिफारस जगाला केली आणि २०११ पासून भारतभरच्या आशांना हे काम दिलं गेलं.

ते काम मी धानोऱ्याच्या डॉक्टरबरोबर जाऊन पाहिलं. बाळ तिसऱ्या दिवसाचं, दवाखान्यात जन्मलेलं, घरी आलेलं. आशाताईंनी आधी हात धुतले, मग बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन केलं, दोन किलो शंभर ग्रॅम. काखेत तापमापक लावला. घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिट श्वास मोजले. आजी शेजारी बसून सगळं बघत होती. मग आशाताईंनी डॉक्टरचा हात धरून बाळाच्या पायांवर ठेवला, नंतर पोटावर. "पाय गार आणि पोट गरम, म्हणजे बाळ गारठायला लागलंय, मॅडम. पोटही गार लागलं तर थांबायचंच नाही." बाळाला टोपडं घातलं, आईच्या छातीला उघड्या अंगाने लावलं आणि वरून लुगडं पांघरलं. पुन्हा सातव्या दिवशी येणार, मग चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. परतताना डॉक्टर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या वॉर्डात वॉर्मर होता. गार बाळ हाताला कसं लागतं, हे मला आज कळलं."

बाहेरून काय आणायचं

ही वाट परदेशातून जात नाही असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे तर ती फार जुनी आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. आज एमबीबीएस झालेली मुलं-मुली लंडन-बाल्टिमोरला सार्वजनिक आरोग्याची पदवी घ्यायला जातात, आफ्रिकेत, युद्धग्रस्त भागांत काम करतात. त्यांनी जरूर जावं.

फक्त आरोळे आणि बंग यांचा क्रम लक्षात ठेवावा. दोन्ही जोडपी आधी खेड्यात गेली, तिथे अडली, आणि ती अडचण घेऊन हॉपकिन्सच्या दारात उभी राहिली. आजार मोजायचा कसा, दोन गटांची तुलना कशी करायची, आपला उपाय लागू पडला की नुसता काळ बदलला हे कसं ठरवायचं, ही पद्धत त्यांनी तिथून आणली. प्रश्न आधीच हातात असल्यामुळे काय आणायचं ते त्यांना माहीत होतं. प्रश्नाशिवाय गेलेला माणूस तिथल्यांनी ठरवलेल्या प्रश्नांवर काम करत राहतो. त्याची पदवी खोटी नसते, पण ती जामखेड किंवा धानोऱ्याकडे त्याला आणतेच असं नाही.

गौरवाने होणारं नुकसान

खेड्यात काम करणाऱ्या डॉक्टरविषयी आपण लिहितो, बोलतो, सत्कार करतो, आणि प्रत्येक वेळी शब्द असतो त्यागाचा. लाखोंची प्रॅक्टिस सोडली, पंखा नसलेल्या घरात राहिले, मुलांना गावच्या शाळेत घातलं. हे खरं आहे आणि त्यासमोर मीही नम्र होतो. पण या गौरवाने एक नुकसान होतं. ऐकणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला वाटतं की हे काम संतांचं आहे, आपल्यासारख्या साध्या, घरचं कर्ज असलेल्या माणसाचं नाही. आणि सरकारला सोयीचं होतं, कारण त्यागी माणसाला गळकं छप्परही चालतं.

बावस्कर, आरोळे, बंग यांच्या कामात त्याग आहे, पण त्याने विंचवाचं विष उतरलं नाही. उतरलं ते निरीक्षणाने, मोजण्याने, लोकांना विचारण्याने, आपल्याकडचं ज्ञान दुसऱ्याच्या हातात देण्याने. हे कसब आहे आणि कसब शिकवता येतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून विद्यार्थी पहिल्याच वर्षी खेड्यात मुक्कामाला जातात आणि प्रत्येक तुकडीचं एक गाव असतं. 'सर्च'च्या 'निर्माण' उपक्रमातून २००६ पासून तरुण, त्यांत डॉक्टरही, अशा कामाची तालीम घेतात. आता देशाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमातही विद्यार्थ्याने कुटुंबं दत्तक घ्यावीत अशी तरतूद आली आहे. ती वहीत सह्या घेण्यापुरती उरू नये, एवढं बघणं प्राध्यापकांच्या हातात आहे.

बाँडच्या वर्षासाठी फार मोठं काही लागणार नाही. नेमणुकीआधी दोन आठवडे जिल्ह्यातल्या अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर काम. गडचिरोलीत गोंडी-माडिया, मेळघाटात कोरकू, नंदुरबारला भिली, यांपैकी लागेल त्या भाषेची रोजच्या ओपीडीपुरती शिकवणी. रात्री दोन वाजता अडलं तर फोन उचलणारा एक वरिष्ठ. न गळणारं क्वार्टर. आणि या वर्षात नीट नोंदी ठेवून एखाद्या स्थानिक प्रश्नावर काम केलं, तर पदव्युत्तर प्रवेशात त्याला वजन.

आरोग्य खात्याने आणि वैद्यकीय शिक्षण खात्याने हे करावं, अशी माझी जाहीर मागणी आहे. वाचकांकडेही एक मागणं आहे. तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा पुढच्या वर्षी डॉक्टर होणार असेल, तर जवळचं केंद्र मिळावं म्हणून ओळखी शोधू नका. दूरचं केंद्र मागायला सांगा. आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या आशाताईंबरोबर दोन-चार घरं फिरून ये, असं सांगून पाठवा.